गाळाची ओटी

उंबरटाकळीच्या माळावर जिकडे बघाल तिकडे मुरूम. कुदळ मारली की ठिणगी उडते. आणि मधेच, बारवेला लागून, हे एवढं काळंभोर रान. येणारे पाहुणे आधी बारवेचे फोटो काढतात, मग विचारतात, इथंच काळी माती कशी काय? माझं घर अगदी समोर. त्यांनी काही विचारायच्या आत मीच विचारते, कुठले तुम्ही, जेवलात का, उन्हात का उभे? तेव्हा बसा इथं सावलीला, सांगते.

हे सगळं रान गावच्या सुनांच्या पदरातून आलेलं आहे. बाकीच्या गावांत देवीची ओटी भरतात. आमच्यात देवीच्या बारवेतून ओटी भरून आणतात, आणि तीही गाळाची. नवी सून हळद उतरायच्या आत पायऱ्या उतरते, तळाचा गाळ पदरात घेते आणि वर येऊन या रानात टाकते. बारवेत मात्र कुणी फूलसुद्धा टाकायचं नाही, असा नेम.

फार मागची गोष्ट, इंग्रज यायच्याही आधीची म्हणे. गावाला पाण्याचा ठिकाणा नव्हता. बारव खणली तेव्हा तळाच्या कातळात एक फट निघाली आणि तिच्यातून झरा लागला. गोड, थंडगार पाणी. लोकांनी त्या फटीला देवीचं तोंड म्हणायला सुरुवात केली. पाटलाची बायको ठकूबाई, तिला बरीच वर्षं मूल नव्हतं. हे पाणी प्याली आणि मुलगा झाला. तिनं आनंदानं खणानारळाची ओटी झऱ्यावर सोडली. ते बघून दुसरीनं सोडली, मग तिसरीनं. कुणाची गाय व्याली, कुणाचा ताप उतरला, कुणाचं लग्न ठरलं, की चालले बारवेकडे. हिरवी लुगडी, नारळ, हळदीकुंकवाच्या राशी, पणत्या, सगळं पाण्यात. आणि देवाला वाहिलेलं परत काढायचं नाही, म्हणून एक काडीही बाहेर आली नाही.

वर्षं गेली. पाणी गढूळ झालं, मग त्याला वास यायला लागला, मग ते घटायला लागलं. लोकांना वाटलं, देवी रागावली, आपलं देणं कमी पडलं. म्हणून त्यांनी आणखी वाहिलं. पाणी जसं खाली गेलं तशा ओट्या वाढल्या. असं सांगतात की शेवटी झऱ्याच्या जागी नुसता लुगड्यांचा आणि करवंट्यांचा ढीग दिसायचा, आणि गावातल्या बायका त्या ढिगालाच हात जोडायच्या.

ठकूबाईचा तो नवसाचा मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं. सून आली ती हौसा. तिचे वडील विहिरी खणणारे. लहानपणापासून तिनं विहिरीचा तळ बघितलेला. आल्या आल्या ती बारवेत डोकावली आणि सासूला म्हणाली, "आत्याबाई, देवीच्या तोंडात एवढं कोंबलंय, ती पाणी देणार कुठून?"

"जीभ आवर," ठकूबाई म्हणाली. "माहेरी चिखल उपसत होतीस, आता इथं मला देव शिकवतेस होय?"

"चिखलच उपसायचाय, आत्याबाई. तेवढंच मला येतं."

पुढच्या उन्हाळ्यात बारव कोरडी पडली. जनावरं दगावली. पाटलानं गाव गोळा करून सांगितलं की आता गाव उठवायचं, बैल जगलेत तोवर गाड्या जुंपायच्या. जाण्याआधी शेवटची एक मोठी ओटी वाहू, असं ठरलं. सगळ्या बायका ताटं घेऊन निघाल्या. बारवेपाशी येऊन बघतात तो हौसा तळाशी. कमरेला पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे. कुजलेली लुगडी, करवंट्या, गाळ, सगळं पदरात भरून वर आणत होती आणि काठावरच्या मुरमात टाकत होती.

गाव पायऱ्यांवर उभं राहिलं. कुणी म्हणालं पापीण, कुणी म्हणालं वेडी. हौसा प्रत्येक खेपेला वर यायची, तोंडावरचा घाम पुसायची आणि म्हणायची, "एखादं टोपलं तरी द्या गं." टोपली घरोघरी होती. कुणी दिलं नाही. देवाचं काढायला हात लावला तर आपल्यावर येईल, ही भीती. तिचा नवराही तिथंच उभा होता. तो आईकडे बघत राहिला.

दिवस कलताना ती झऱ्याच्या तोंडापर्यंत पोचली. तिथं अगदी पहिली ओटी होती, ठकूबाईची. खण फटीत घट्ट बसला होता आणि त्याच्यावर सगळा भार. हौसानं दोन्ही हातांनी तो ओढला. असं म्हणतात की आधी पोटातून यावा तसा आवाज आला, मग पाणी उसळलं, कडेचे चिरे सुटले आणि ती त्याखाली गेली. बारव भरत वर आली. पायऱ्यांवरचं गाव एकेक पायरी मागं सरत राहिलं.

गाव उठलं नाही. पाणी ओसरून निवळल्यावर ठकूबाई आपल्या पायांनी खाली गेली. तिनं पदर पसरला, गाळ भरून घेतला आणि सुनेनं जिथं टाकला होता तिथंच टाकला. म्हणाली, या बारवेत आता कुणी काही सोडायचं नाही. गावात येईल ती प्रत्येक सून इथनं ओटी भरून बाहेर काढील, म्हणजे हौसाला एकटीला काढायला लागणार नाही. तेव्हापासूनचा हा नेम. आमच्या सासूबाईंनी काढली, मी काढली. वर्षाला गावात सुना येणारच, तेवढ्यानं झरा मोकळा राहायचा.

आता पुढचं ऐका, ते काही म्हणे-बिणे नाही, माझ्या डोळ्यांसमोरचं आहे. मागं शहरातून कॉलेजची मुलं आली. गुणी पोरं. उन्हातान्हात झुडपं तोडली, चिरे मोजले, माझ्याकडे पिठलंभाकरी खाल्ली. त्यांच्यातली ओवी म्हणून एक मुलगी तर इथलीच होऊन गेली. शेजारच्या दामूअण्णांचा मुलगा त्या कामात होता. त्या दोघांचं काय चाललंय हे त्यांच्या घरी कळायच्या आधी मला कळलं होतं. ओवीनं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, बारव वाचवा म्हणून. आणि खरंच, वरून माणसं आली. दिवे आले, पाटी आली, गाड्या लावायला मैदान झालं, आणि पायऱ्यांना जाळीचा दरवाजा लागला. आत उतरायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. ओवीनं पेढे वाटले हो त्या दिवशी.

त्याच वैशाखात तिचं लग्न झालं. हिरवी साडी नेसून ती ओटीला निघाली, सोबत तिची सासू, आम्ही शेजारणी. पहारेकऱ्यानं कुलूप काढलं नाही.

"ओवीताई, तुम्हीच तर लावायला लावलंत," तो म्हणाला. बिचारा खरंच ओशाळला होता.

"अहो, पण गाळ काढायलाच हवा. झरा बुजेल."

"वरून परवानगी आणा. माझी नोकरी जाईल."

ती जाळीला धरून उभी राहिली. मागं पाहुण्यांची गर्दी. कुणीतरी फोनवर दाखवलं होतं की या बारवेत नाणं टाकलं की इच्छा पुरी होते. तिच्या डोक्यावरून नाणी आत पडत होती, कुणी हार टाकला, कुणी बाटली. एक बाई तिला म्हणाली, "अगं, तशीच उभी राहा, साडी छान दिसतेय फोटोत." शेवटी तिच्या सासूनं वाकून मैदानातला मूठभर मुरूम उचलला आणि तिच्या पदरात घातला. "घे बाई, नेम चुकायला नको." ओवीनं तो या काळ्या रानात नेऊन टाकला. परवानगीसाठी ती पुष्कळ हिंडली. मग नवऱ्याची बदली झाली, गेली. आताशा फोनवर बारवेचं विचारत नाही, मीही विषय काढत नाही.

पाणी शेवाळून हिरवं झालंय, तुम्ही बघितलंच. झऱ्याचा आवाज माझ्या ओसरीपर्यंत यायचा, तो बंद आहे. आणि आजही गावात सून आली की तिला वाजतगाजत बारवेवर आणतात. जाळीपाशी उभी करतात, पदरात मैदानातला मुरूम घालतात, आणि ती तो रानात टाकून येते. या वर्षी आलेल्या एका सुनेला मी विचारलं, "हे कशासाठी करतात, माहीत आहे का गं?"

पदर झटकत ती म्हणाली, "देवीला मुरूम आवडतो म्हणे, काकू."