पिसाच्या मनोऱ्याची धास्ती

वस्तू बोलायच्या आणि माणसं काही ऐकायची नाहीत, त्या काळची गोष्ट. एका शाळेच्या कपाटात जगातल्या नामांकित वास्तूंच्या मातीच्या प्रतिकृती राहत. एकदा कपाट आवरायला काढलं आणि पिसाचा झुकता मनोरा मागच्या कोपऱ्यात सरकला.

"वाकडे आज कचऱ्यात जाणार," पिरॅमिड म्हणाला. "सरळ उभं राहायला काय घेशील रे?"

मनोऱ्यानं अंग ताठ करून पाहिलं, पण वाळलेली माती ऐकेना. तेवढ्यात वर्गशिक्षिका कुमुदिनीबाईंनी त्यालाच उचलून मुलांसमोर टेबलावर ठेवलं.

"बाई, हा पडत कसा नाही?" मुलांनी विचारलं.

मग बोलण्यात इटलीतली भुसभुशीत जमीन निघाली, बांधकामाची जवळजवळ दोनशे वर्षं निघाली. घंटा झाली तरी कुणी उठेना.

मनोरा सुटकेचा श्वास टाकत कपाटात परतला, तर आयफेल टॉवर दोन पाय उचलून तिरपं व्हायची तालीम करत होता.