तीन गावांचा एक बांध

फार पूर्वी एका अफाट तलावाकाठी तीन गावं होती आणि तिन्ही गावांच्या पंचायती एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. तलाव एक, बांधही एकच. पण बांधावर हद्दीचे दोन दगड. दर उन्हाळ्यात प्रत्येक गाव बांधावर माती चढवी, ती आपल्या दगडाच्या चार पावलं अलीकडेपर्यंतच. पुढे एखादी टोपली जास्त पडली, तर फुकटात शेजाऱ्याचं भलं व्हायचं ना!

पुढे राजाने हुकूम काढला, की तिन्ही पंचायती मोडून एकच मंडळ करा. पहिली बैठक सकाळी बसली. दुपार झाली तरी मंडळाला नाव कोणत्या गावाचं द्यायचं, हेच ठरेना. वरच्या गावच्या पाटलाचं एकच पालुपद, "आमचा बांध सगळ्यांत उंच. नाव आमचंच!"

तेवढ्यात तलावातली होडीवाली म्हातारी धापा टाकत आली. "पाटील, डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळतोय. पाणी चढलंय. चला, बांध बघा."

"बांध काय बघायचा? जन्म गेला बांधावर."

"बांधावर गेला. आज पाण्यातून बघा."

पाटील कुरकुरत होडीत बसला. मध्यावर म्हातारीने होडी वळवली आणि पाटलाने पहिल्यांदाच सगळा बांध एका नजरेत पाहिला. केवढा तो बांध! या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पसरलेला. त्याच्या पणजोबांनी, शेजाऱ्यांच्याही पणजोबांनी डोक्यावर माती वाहून तो घातला होता. आणि त्यात दगडांपाशी दोन खोल खाचा. पाणी तिथे जेमतेम हातभर खाली होतं.

"फुटला तर कुठलं गाव जाईल?" पाटलाने दबक्या आवाजात विचारलं.

"पाणी गाव विचारून शिरत नाही, पाटील."

खाणीतून माती आणायला वेळ नव्हता. पाटील काठावर उतरला आणि म्हणाला, "आपल्या बांधाचा माथा कापा. खाचा भरा."

"आपलाच बांध ठेंगणा करायचा?" गावकरी ओरडले. "उद्या पाणी आपल्याकडून आलं तर?"

पाटलालाही तीच भीती होती. तरी पहिली कुदळ त्यानेच मारली. ते पाहून उरलेली दोन्ही गावं टोपल्या घेऊन धावली. बायकापोरांनी ओली माती पायांनी तुडवून घट्ट केली.

संध्याकाळी पाणी वर आलं. इंच इंच चढत ते काठाच्या बोटभर खाली येऊन थांबलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळीकडे सारखंच. एवढा मोठा जलाशय, आणि माणसांनी तुडवलेल्या चिखलापुढे निमूट उभा! पाटलाने नकळत हात जोडले.

पाणी ओसरल्यावर राजाचा कारभारी आला. "मंडळाला कोणत्या गावाचं नाव द्यायचं?"

बाकीच्यांनी पाटलाकडे पाहिलं.

"गावाचं नको," पाटील म्हणाला. "तलावाचं द्या."

तात्पर्य: जे काम कोणाच्याच वाट्याचं नसतं, ते सगळ्यांनी मिळून आधी करावं.