छान म्हणणाऱ्या नगरीचा रांजण

एका राज्यात मणिकेतू नावाचा राजा होता, आणि तो फार थकला होता. दरबार भरला की गाऱ्हाणी सुरू. कुणाची भाकर करपलेली, कुणाचा जावई कपटी, आणि निम्म्या नगरीचं एकच रडगाणं, विहिरींचं पाणी कडू झालं. ऐकून ऐकून राजाचे कान किटले. त्याने मांत्रिकाला बोलावून म्हटलं, "मला विसावा हवा."

मांत्रिकाने मंत्र टाकला. त्या दिवसापासून कुणालाही काहीही विचारा, उत्तर एकच, "छान." जेवण छान, पीक छान, मेलेल्या म्हाताऱ्याचं सरणही छान. लोकांच्या मनातली खरी गाऱ्हाणी मात्र, मांत्रिकाने राजाला आधीच सांगितलं होतं तशी, डोंगरावरच्या एका रांजणात जाऊन कोंडली जात.

राजाला गाढ झोप लागू लागली. मग त्याची लेक इरावती अंथरुणाला खिळली. वैद्याने विचारलं, पोट कसं आहे? छान. घसा? छान. वैद्याने हात टेकले. पोर वाळून काडी झाली, तरी छानच म्हणे. लेकीचं खरं दुखणं त्या रांजणातच असणार, हे राजाने ओळखलं.

तो एकटाच डोंगराकडे निघाला. वाटेत भारद्वाज पक्षी आडवा आला नि म्हणाला, "राजा, मुकुट इथे ठेव. जोडे इथे ठेव. आणि रांजण उघडलास की शेवटपर्यंत ऐक. मध्येच 'छान' म्हणालास, तर तो पुन्हा उघडणार नाही."

मुकुट ठेवणं सोपं गेलं. अनवाणी चढताना पाय रक्ताळले. तिसरं काम जिवावरचं होतं. झाकण काढताच गाऱ्हाणी बाहेर पडू लागली, चिडकी, रडकी, कर्कश, संपता संपेनात. राजाचे डोळे मिटू लागले. 'छान' अगदी ओठांवर आलं. म्हटलं की सुटका. त्याने जीभ चावली आणि बसून राहिला.

सर्वांत शेवटी एक बारीक आवाज आला. "बाबा, आपल्या बागेतल्या विहिरीचं पाणी कडू लागतं."

राजा ढसाढसा रडला. नगरी आधीपासून हेच तर सांगत होती. रांजण तडकला, मंत्र उतरला.

राजाने त्या विहिरी बुजवून नव्या खोदायला लावल्या. वैद्याने विषावरचा काढा उकळला. इरावतीने घोटभर घेतला. राजाने भीत भीत विचारलं, "कसा आहे?"

"घाणेरडा," तोंड वेडंवाकडं करत ती म्हणाली.

राजाने तिला पोटाशी धरलं. बाहेर गाऱ्हाण्यांची रांग दारापर्यंत आली होती. थकवा काही गेला नव्हता. तो उठला, सिंहासनावर जाऊन बसला आणि म्हणाला, "सांगा."