पाचव्या चाकाचं कुंकू

घाटात धुकं असं उतरलं होतं की रावसाहेबांची पिकअप ढगातच उभी आहे असं वाटावं. मागे देवीच्या जत्रेसाठी शेवंती भरलेली, आणि पुढचं चाक पंक्चर. फुलं आरतीआधी पोचायला हवी होती.

स्टेपनी गाडीच्या पोटाखाली साखळीला टांगलेली. ती गंजून अशी अडकली होती की ड्रायव्हर हणमा आणि चार वाटसरू खाली ओढून ओढून दमले.

रावसाहेब कडाडले, "आठ दिवसांपूर्वी दसऱ्याला मी स्वतः गाडी पुजलीय! खोट तुझ्यातच आहे. आरती चुकली तर उद्यापासून कामावर येऊ नकोस."

वळणावर चहा विकणाऱ्या हौसाक्का किटली ठेवून आल्या. वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "हणमा, ओढू नको. खाली जॅक लाव, आधी तिला वर उचल."

स्टेपनी बोटभर वर गेली, साखळीवरचा भार सुटला आणि साखळी सैल सोडणारं, अडलेलं हँडल करकरत फिरलं. मग झोपेतून उठल्यासारखी ती अलगद खाली आली.

"बघ, पूजेचं फळ!" रावसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

हौसाक्कांनी स्टेपनीवरून बोट फिरवलं. बोटाला नुसता गंज लागला.

"रावसाहेब, कुंकू लावलंत त्या चार चाकांना. आणि नड पडल्यावर हाक मारलीत हिला."

पुढच्या दसऱ्याला गावाने पाहिलं. पांढऱ्याशुभ्र धोतरातले रावसाहेब पिकअपखाली उताणे पडले होते, आणि त्यांच्या हातात कुंकवाची कोयरी होती.