शोधयादीच्या तळाशी

“बुवा, इतके उत्तम लेख माझ्या संकेतस्थळावर असताना शोधणाऱ्यांना मीच का सापडत नाही?”

टेकडीवरच्या मठात निरंजनबुवा तांदूळ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“लेख कोणाचे, साठ्ये?”

“नामवंतांचे. रीतसर परवानगी घेऊन, त्यांच्या नावांसह पुन्हा प्रसिद्ध केले. कित्येकांचे शुद्धलेखनही मीच सुधारले!”

“म्हणजे शेजारच्यांचे जेवण आणलेस आणि वर मीठही घातलेस.”

साठ्यांना ते झोंबले.

“शोधयंत्र तोच मजकूर दोनदा दाखवत नाही म्हणे. मूळ लेख वर येतो आणि माझे पान कुठल्या कुठे...”

“येईना का मूळ लेख वर! तुझे काय अडले?”

साठ्यांची नजर फाटकाकडे गेली.

मुलीने आपल्या मनाने लग्न केले, तेव्हा ‘या दाराशी पुन्हा येऊ नकोस’ असे त्यांनीच तिला बजावले होते. मृण्मयी आली नाही. आता तिचा पत्ता ठाऊक नव्हता; फोन नंबरही बदललेला. लहानपणी प्रत्येक प्रश्न घेऊन त्यांची ही चिमी त्यांच्याकडेच धावत येई. हल्ली शोधयंत्राला विचारत असेल. कधी बाळाच्या तापाविषयी, कधी आंब्याच्या डाळीविषयी... आणि उत्तराच्या पानावर तिला बाबांचे नाव दिसेल, एवढ्याच आशेवर ते संकेतस्थळ भरत राहिले होते.

“लेक शोधत आली, तर मी दिसायला हवा,” ते पुटपुटले.

बुवांनी सूप बाजूला सारले, उपरण्याने स्वतःचे डोळे बांधले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

“मी तुझी लेक. बोलाव मला.”

साठ्यांनी मोबाइल काढला. बाप-लेकीच्या नात्यावरचा सर्वांत सुंदर लेख निवडून ते खड्या आवाजात वाचू लागले.

बुवा चाचपडत चालू लागले... फाटकाच्या दिशेने.

“अहो बुवा, मी इकडे आहे!”

“ज्यांनी लिहिले, त्यांच्या घरी निघाले मी.”

फाटक करकरले. बुवा पाठमोरे बाहेर पडले.

तीही अशीच पाठमोरी गेली होती.

साठ्यांचा मोबाइल धरलेला हात खाली आला.

“चिमे... चुकलो गं मी. ये ना...”

बुवा थांबले. उपरणे न सोडताच ते वळले.

“हे तुझ्या संकेतस्थळावर कुठे आहे?”