आडव्या चालणाऱ्या सायकली

एका सोसायटीत एकाच दिवशी सहा सायकली पंक्चर झाल्या. अध्यक्ष तुळपुळ्यांना सायकलींचा भारी राग. “रस्त्यावरचे खिळे! उद्यापासून आवारात सायकली बंद,” म्हणत त्यांनी तसा कागदच फलकावर डकवला.

तिथंच राहणाऱ्या शर्वाणीची सायकलही त्या सहांत होती. लेकीला बालवाडीत न्यायला तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

टेम्पो घेऊन दारोदारी दुरुस्ती करणारे बशीरभाई टायर फिरवत म्हणाले, “ताई, सगळी भोकं कडेला. रस्त्याला टेकणाऱ्या तळाला एकही नाही.”

आपल्याला मेलं काय कळतं, असं वाटूनही तिनं शेजारी उभ्या तुळपुळ्यांना विचारलंच, “काका, आमच्या सहाही सायकली रस्त्यावर आडव्या पडून चालत होत्या का हो?”

जमलेले सगळे खो खो हसले. तुळपुळ्यांनी फलकावरचा कागद काढला.

“हवा भरली, ताई,” बशीरभाई म्हणाले, “बसवा लेकीला.”