कोरड्या आडातली लुगडी

एका राज्यात एक नियम होता, आणि तो का आहे हे विचारायचे नाही, हा दुसरा नियम होता.

नियम असा: नवे ते अंगावर, जुने ते आडात. वर्ष सरले की घरोघरची वापरलेली वस्त्रे वेशीबाहेरच्या कोरड्या आडात टाकायची. फाटलेले शिवायचे नाही, विटलेले रंगवायचे नाही, आईचे लेकीने नेसायचे नाही. ज्याच्या घरी सुई सापडे, त्याला देशोधडीला लावत. लोकांना याचे दुःख नव्हते, कारण राजवाड्यात एक माग होता. राजकन्या पोवळीच्या खापरपणजोबांना तो धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाने दिला होता. त्या मागाला विणकर लागत नसे, सूत लागत नसे. तो नदीचे पाणी पीत असे आणि रोज शंभर ठाण विणत असे. नदी आटत आटत ओहोळाएवढी झाली होती. पण शालू असे झगमगत, की नदीकडे पाहायला कुणाला सवड नव्हती.

पोवळीचे वडील, राजा मेघध्वज, रोज तिसऱ्या प्रहरी सज्जात बसत आणि शेजारचे आसन रिकामे ठेवायला सांगत.

"आबा, हे कुणासाठी?" पोवळी विचारी.

"ठाऊक नाही, बाळे. कुणीतरी यायचं राहिलंय. कोण, ते आठवत नाही."

पोवळीलाही आठवत नसे. आई होती हे नक्की. आईवाचून का कुणी जन्मते? पण तिचा चेहरा नाही, नाव नाही, आवाज नाही. कधी एकटी असताना उजव्या गालाला काही मऊ लागल्याचा भास होई. ती गाल हाताने झाकून घेई, आणि हात काढायला भिई.

दरबारात तीन वृद्ध प्रधान होते. तिघांच्या दाढ्या एकत्र विणल्या असत्या तर एक सतरंजी झाली असती. पोवळी त्यांच्यापुढे उभी राहिली.

"माझ्या आईचं नाव काय?"

पहिला म्हणाला, "गेलं ते गेलं."

दुसरा म्हणाला, "नवा शालू नेस आणि हस."

तिसरा म्हणाला, "प्रश्न विचारणाऱ्या मुलीला वर मिळत नाही."

"वर ठेवा तुमच्यापाशी. मला उत्तर द्या."

पोवळी पाठ फिरवून निघाली, ती थेट आडाच्या काठावर येऊन थांबली.

काठावर एक भेंडीचे झाड होते आणि झाडावर एक शिंपीण होती. शिंपीण म्हणजे अंगठ्याएवढे हिरवे पाखरू, पानाला पान शिवून घरटे करणारे. साऱ्या राज्यात टाके घालणारी तेवढी एकच उरली होती.

"सात वर्षं वाट पाहतेय," शिंपीण म्हणाली. "राजाची लेक, आणि पाय एवढे जड?"

"तू माझ्या आईला ओळखतेस?"

"तिच्या लुगड्याचा एक धागा माझ्या घरट्यात आहे, म्हणून ओळखते. तुमच्याकडे तेवढाही नाही. धूम्रकेशाचा सौदाच तो. माग नवं देईल, आड जुनं घेईल. मेलेल्या माणसाचं शेवटचं वस्त्र आत पडलं, की त्याची आठवणही आत. तुझ्या आईचं सात वर्षांपूर्वी पडलं."

पोवळीने हात पुढे केला. "तो धागा मला दे."

"दिला तर मीही विसरेन. मग तुला सांगणार कोण? तीन कामं कर. सुई कर, धागा कर, आणि आईला शोध."

पोवळीने बाभळीचा काटा मोडला. बुडाशी भोक पाडताना अकरा काटे चिरफळले, बाराव्याला भोक पडले. बोटे रक्ताळली, सुई झाली.

मग तिने अंगावरच्या कोऱ्या शालूचा धागा ओढला. धागा हातात आला आणि पाणी होऊन मातीत गळला. दुसरा ओढला, तोही गळला.

"नदीच ती," शिंपीण म्हणाली. "नदीने शिवणार आहेस?"

बोरीच्या झुडपात कुणाचा तरी फेटा अडकला होता, उन्हापावसाने पार विटलेला. पोवळीने त्याचे सूत उलगडले. ते तुटले नाही.

मग ती भिंतीतल्या खोबणींत पाय रोवत आडात उतरली. तळाशी वस्त्रांचे डोंगर होते. तिने एक लुगडे गालाला लावले. त्यातून हाक आली, "धोंडू, जेवलास का रे?" दुसऱ्यातून आली, "बयो, उन्हात नको गं जाऊस." तिसऱ्यातून नुसतेच, "आलीस?" पोवळी दचकून म्हणाली, "आले!" पण ती हाक तिच्यासाठी नव्हती. डोंगरभर लुगडी होती आणि प्रत्येक हाक दुसऱ्याच कुणाची होती. तिला त्या सगळ्या अनोळखी लेकरांचा हेवा वाटला, आणि कीवही आली, कारण त्यांना हाक मारणारे कुणी होते हे त्यांच्या गावीही नव्हते.

ऊन तीनदा माथ्यावर आले आणि गेले. चौथ्यांदा आले तेव्हा एक जांभळे लुगडे तिच्या हाती लागले, उंदरांनी कुरतडलेले. तिने ते गालाला लावले. हाक आली नाही. पदर उजव्या गालावरून फिरला, जेवल्यावर लेकराचे तोंड पुसावे तसा. आणि तोंड पुसणारी बाई तिला दिसली: सावळी, भुवईवर व्रण असलेली, हसताना डोळे मिटणारी. तिचे नाव चारुलेखा.

पोवळी लुगडे उराशी धरून वर चढू लागली. तोच त्याचे काठ राखेसारखे झडू लागले.

"खाली उतर!" शिंपीण ओरडली. "एकटं वस्त्र आडाबाहेर येत नाही. दुसऱ्यांच्या वस्त्रांना शिवलं तरच येतं. फाड ते, आणि तुकडे जोड."

"सात वर्षांनी सापडली, आणि फाडू?"

"मग तिला घेऊन इथेच बस. पुष्कळ जागा आहे."

पोवळी बसली. ऊन सरले, पुन्हा आले, तरी ती बसून होती. लुगड्यात आई होती आणि ती एकटीची होती. अखेर तिने डोळे मिटले आणि फाडले. तो आवाज तिला जन्मभर ऐकू येत राहिला.

मग ती शिवत बसली. जांभळ्या तुकड्याला धोंडूच्या आईचा तुकडा, त्याला बयोच्या आजीचा, त्याला कुणाची कुंची, कुणाच्या चोळीचा खण. तिच्या प्रत्येक टाक्यासरशी राजवाड्यातल्या मागाचा धोटा अडखळे. सहाव्या दिवशी वाकळ पुरी झाली, तिने शेवटची गाठ मारली, आणि माग थांबला.

डोक्यावर वाकळ घेऊन पोवळी दरबारात आली. प्रधान वाटच पाहत होते.

"माग बंद पडला!" पहिला गरजला. "उद्या प्रजा नागवी फिरेल!"

"राजकन्या आहेस की चिंध्या वेचणारी?" दुसरा म्हणाला.

राजा मेघध्वज उठून आला. त्याचा हात जांभळ्या तुकड्यावर पडला.

"चारुलेखा," तो म्हणाला. "चारुलेखा यायची राहिली होती." आणि ती कधीच येणार नाही, हे त्याला त्याच क्षणी कळले. सात वर्षांचे रडू तो उभ्याने रडला.

तेव्हा धूम्रकेशाचा सौदा मोडला. कोठारातल्या ठाणांचे पाणी झाले आणि पायऱ्यांवरून धावत नदीला मिळाले. लोकांच्या अंगावरचे कपडे मात्र राहिले. अंगाच्या घामाने ते आधीच जुने होऊ लागले होते. नदी दुथडी भरली. हाकलून दिलेल्या शिंप्यांना बोलवायला स्वार सुटले. वेशीबाहेर आडाभोवती माणसांची रीघ लागली. एकेक जण खाली उतरून वस्त्रे गालाला लावून पाहत होता.

तरी तिसरा प्रधान पुढे आला. "नियम तो नियम. आमच्या वाडवडिलांनी पाळला. ते गाठोडं आडात टाक."

"नाही टाकणार."

"वडीलधाऱ्यांना उलट बोलतेस?"

"बोलते. तुम्ही तिघांनी आपापल्या आजीचं नाव सांगा. एकाने जरी सांगितलं, तरी ही वाकळ मी माझ्या हातांनी आडात टाकीन."

पहिल्याने तोंड उघडले. दुसऱ्याने पहिल्याकडे पाहिले. तिसऱ्याचा हात वाकळीवरच्या एका विटक्या ठिगळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला.

पोवळीने वाकळ उलगडली आणि ते ठिगळ त्याच्यापुढे धरले.